बॅटरीतलं शुद्ध पाणी

जुनी मोटरसायकल विकत घेताना माणूस इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो, टायर अंगठ्याने दाबून बघतो आणि आपल्याला यातलं सगळं कळतं असा चेहरा करून टाकीवर टिचक्या मारतो. जयवंत परबाने हे सगळे विधी यथासांग केले होते. राहिलं ते एवढंच, की गाडी त्याने भर दुपारी बघितली, त्यामुळे दिवा लावून बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

गाडी वेसाव्याच्या अनंता कोळ्याची. अनंता तिच्यावरून मासळी न्यायचा, आणि ही गोष्ट गाडीने पुढेही कधी लपवून ठेवली नाही. बोरीवलीच्या सोसायटीत ती येऊन उभी राहिली तशी आवारातली झाडून सगळी मांजरं तिच्या सीटवर मुक्कामाला आली. सीट धुतली, उदबत्ती ओवाळली, शुभाने, म्हणजे जयवंतच्या बायकोने, वर आपली टाल्कम पावडरही शिंपडली. मांजरं शिंकली आणि परत बसली.

त्याचं जयवंतला फारसं काही वाटलं नाही. माणूस खुशीत असला की बोंबिलाचा वासही चालतो. दिव्याचा प्रकार मात्र वेगळा होता. दिवा लागायचा, नाही असं नाही. गाडी पळत असली की ऐटीत लागायचा आणि गाडी थांबली की मान टाकायचा. जयवंत वेसाव्याला जाऊन अनंताला विचारून आला. अनंता जाळं सारखं करता करता म्हणाला, "दिवा कशाला पायजे तुला? मी रोज अंधारानच जाताव. रस्ता मना पाठ हाय." ज्याला रस्ता पाठ आहे त्याच्याकडून जयवंतने गाडी घेतली होती. रस्ता काही बरोबर मिळाला नव्हता.

आता दिवा मंद असला म्हणून कोणाचं आभाळ कोसळत नाही. जयवंतचं कोसळायची वेळ आली ती लवूमुळे. लवू हा त्याचा चुलतभाऊ. राहायला सांताक्रूझला, आणि स्कूटरवाला. गाववाल्यांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा दर मार्गशीर्षात सांताक्रूझच्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. त्या मंडळाच्या बैठकीत, सगळ्या गाववाल्यांसमोर, लवू म्हणाला, "काकीक यंदा कसा आणतलस रे? बशीत चढना तिका जमात नाय आता. माझी स्कूटर पाठवू?"

मदत करावी तर अशी, की समोरच्याला ती चार दिवस टोचत राहावी. जयवंत ताठ बसला आणि म्हणाला, "काही नको. आई माझ्या मोटरसायकलवरून येईल."

हे वाक्य बोलायला सोपं होतं. त्याने घरी येऊन ते आईला, रुक्मिणीबाईंना, सांगितलं आणि मग मात्र ते मागे घ्यायची सोय उरली नाही. रुक्मिणीबाईंनी जन्मात घरच्या वाहनावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. नवरा गिरणीत. त्यांच्या घरचं वाहन म्हणजे ज्याचे त्याचे दोन पाय. त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीला हातवारे करून सांगितलं की पूजेला आपण मुलाच्या फटफटीवरून जाणार. पेटीतलं हिरवं नऊवारी बाहेर काढून उन्हात घातलं. पाय कुठे ठेवायचे, हात कुठे धरायचे, वाटेत खोकला आला तर काय करायचं, याची चौकशी सुरू झाली. पूजा संध्याकाळची, परत यायचं ते अंधार पडल्यावर. म्हणजे दिवा हवाच. आता ही गोष्ट जयवंतची राहिली नव्हती, आईची झाली होती.

पहिला सल्ला तिसऱ्या मजल्यावरून आला. तिथले चंद्रप्रकाश सामंत ट्रॉम्बेला, अणुकेंद्रात कामाला होते. तिथे नेमकं काय करतात हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं; ट्रॉम्बे म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं, अशी सोसायटीत समजूत होती. पंखा बिघडो, टीव्हीवर मुंग्या येवोत, इडलीचं पीठ फुगायचं राहो, लोक सामंतांना गाठत. सामंतही कधी नाही म्हणत नसत. ते खाली आले, मांजरांना उठवून दिव्याच्या काचेत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बल्ब कमी ताकदीचा आहे. मोठा घाला."

जयवंतने मोठा बल्ब घातला. मोठ्या माणसाला जेवायला जास्त लागतं हे आपल्याला समजतं, बल्बाचं कसं सुचत नाही कोण जाणे. नवा बल्ब आधीपेक्षाही मंद जळायला लागला, शिवाय त्याने हॉर्नच्या ताटातलंही खाल्लं. हॉर्न दाबला की सर्दी झालेली शेळी ओरडल्यासारखा आवाज येई.

मग गाडी गेली खंडूकडे. खंडूचं गॅरेज नाक्यावर, म्हणजे एक पिंपळ आणि त्याला टांगलेली एक पाटी. खंडूला अडचण सांगायला सुरुवात केली की तो "समजलं" म्हणायचा, आणि मग सांगणाऱ्याची हिंमत होत नसे. "समजलं साहेब. वायरिंगची वाट लागलीय. खारी हवा ना! सगळं नवं टाकतो, एकदम झकास." दुपारी जयवंत गेला तेव्हा गाडीची आतडी फुटपाथवर पसरलेली होती आणि खंडू हातात एक लाल वायर घेऊन ती कुठून निघाली असावी याचा विचार करत होता. संध्याकाळी मात्र सगळं जागच्या जागी बसलेलं होतं. निदान तसं दिसत होतं.

जयवंत निघाला. दिवा होता तसाच. पण गल्लीच्या तोंडाशी गाय आडवी आली म्हणून त्याने ब्रेक दाबला, आणि हॉर्न वाजला. त्याला वाटलं, हात लागला असेल. पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. सर्दी गेली होती, आवाज चांगला खणखणीत झाला होता, एवढं खंडूच्या बाजूने सांगितलं पाहिजे. नाक्यावर महादू हवालदाराने हात दाखवला. कायदा पाळणाऱ्या माणसाने हवालदाराचा हात दिसला की ब्रेक दाबायचा असतो. जयवंतने कायदा पाळला आणि महादूच्या तोंडावर, हातभर अंतरावरून, दणदणीत हॉर्न दिला.

"मला? मला हॉर्न मारता?"

"नाही हो हवालदार, मी ब्रेक मारला."

"ब्रेक मारला तर वाजलं काय?"

खुलासा करण्यासाठी जयवंतने ब्रेक परत दाबून दाखवला. दाखवायला नको होता. तेवढ्यात महादूचं लक्ष दिव्याकडे गेलं, जो आता उदबत्तीच्या टोकाएवढा उरला होता. लायसन महादूच्या खिशात गेलं. "दिवा नीट करा, चौकीत आणून साहेबांना दाखवा, लायसन घेऊन जा."

खंडूने हॉर्न ब्रेकवरून सोडवला, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याच्या कानात तो शेवटपर्यंत वाजत राहील. प्रश्न चौकीचा होता. दुसऱ्या दिवशी जयवंत जेवणाच्या सुट्टीआधी गाडी घेऊन चौकीत गेला, तर साहेब म्हणाले, "एवढ्या उन्हात दिवा लागलाय की नाही मला कसं कळणार? अंधार पडल्यावर आणा." जयवंत अंधार पडल्यावर गेला, तर साहेब घरी गेलेले. अंधार पडायच्या आत त्यांची ड्यूटी संपायची. शिवाय अंधारात दिव्याशिवाय आणि लायसनशिवाय गाडी चालवली, तर पकडणार तोच महादू. म्हणून हे सगळं येणं-जाणं जयवंत गाडी ढकलत करत होता. वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, "काय परब, पेट्रोल संपलं?" आणि तो "हो" म्हणे. खरं कारण सांगण्यापेक्षा ते कमी अपमानाचं होतं.

शेवटी तोडगा शुभाने काढला. ती म्हणाली, "अहो, अंधार त्यांना हवाय ना? मग घरून घेऊन जा." आणि तिने गोधडी काढून दिली. भर दुपारी चौकीच्या दारात मोटरसायकलच्या तोंडावर परबांची गोधडी पडली आणि साहेबांच्या हुकमावरून महादू हवालदार टोपी काढून तिच्यात शिरला. येणारीजाणारी माणसं थांबून बघू लागली. गोधडीतून आवाज आला, "साहेब, आहे!" जयवंतने ॲक्सिलरेटर सोडला. गोधडीतून आवाज आला, "साहेब, गेला!" साहेबांनी थंडपणे विचारलं, "आहे की गेला?" महादू घामाने निथळत बाहेर आला आणि म्हणाला, "दोन्ही."

नापास.

पूजा तोंडावर आली. रुक्मिणीबाईंचं लुगडं इस्त्री होऊन आलं होतं. त्या रोज गॅलरीत उभ्या राहून गाडीकडे बघत आणि काही विचारत नसत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं जयवंतला वाटायचं. अशातच लवूचा निरोप आला, "स्कूटर तयार आसा हां." त्या दिवशी जयवंत जेवला नाही. म्हणजे दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

सामंत पुन्हा खाली आले. या वेळी त्यांनी बॅटरीच सोडवायला लावली. ती परबांच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवून, झाकणं उघडून, सगळे आत डोकावले. आत कोरडंठाक. सामंत सावकाश बोलले. "पाणी संपलंय हो हिचं. पण नळाचं चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर लागतं, एकदम शुद्ध. नुसतं स्वच्छ नाही. ज्यात काहीही भेसळ नाही असं शुद्ध. तसलं पडलं तर वाचेल, नाहीतर संपली समजा."

रुक्मिणीबाई शेगडीशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. "वाचात?"

"वाचेल की. पण आजच पाहिजे."

जयवंत ताबडतोब ते पाणी आणायला निघाला. जिन्यात त्याला सेक्रेटरी भेटले आणि गच्चीच्या गळतीवर बोलू लागले, पुढे नाक्यावर खंडू भेटला, आणि बॅटरी हे सामंतांचं काम नव्हे हे त्याने चहा पाजून पटवलं. जयवंत घरी आला तो कोथिंबीर आणि पाव घेऊन. पाणी विसरला. दुकानं तोवर बंद. "उद्या नक्की आणतो," तो म्हणाला. शुभाने कोथिंबीर त्याच्या हातातून घेतली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओट्यावर आपटली.

सकाळी बघतो तर बॅटरी काठोकाठ भरलेली, झाकणं घट्ट लावलेली. जयवंतने मनात ताडलं की शुभाने पहाटे कोणाकडून तरी आणवलं. विचारायला गेलं तर कालचं विसरणं परत निघेल, म्हणून त्याने विचारलं नाही. शुभाला वाटलं, नवऱ्याला उपरती झाली, लाजेकाजेने गुपचूप आणलं. चारचौघांत कशाला बोला? तीही गप्प बसली. सुखी संसारात अशा पुष्कळ गोष्टी न विचारता चालतात. रुक्मिणीबाई देवासमोर बसून वाती वळत होत्या.

खंडूने झाकणं न उघडताच बॅटरी चार्जिंगला लावली. "उघडून बघायची गरज माझ्यासारख्याला नाय साहेब, वजनावरून कळतं." आणि काय सांगावं! दुसऱ्या दिवशी दिवा लागला. थांबलेल्या गाडीवर लागला. पुन्हा गोधडी, पुन्हा महादू, आणि आतून आवाज आला, "साहेब, आहे! अजून आहे! डोळ्यांपुढे अंधारी येतेय, पण आहे!" साहेबांनी सही केली. लायसन परत मिळालं. त्या संध्याकाळी सामंतांनी सोसायटीत सांगितलं की आपण मोठा बल्ब सुचवला होता, खंडूने पिंपळाखाली सांगितलं की वायरिंग बदललं म्हणून, आणि मांजरंसुद्धा, जयवंतला वाटलं, जरा जास्तच रुबाबात बसली होती.

पूजेला रुक्मिणीबाई फटफटीवरून गेल्या, आणि काय गेल्या! हिरवं नऊवारी, नाकात नथ, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. एक हात मुलाच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली फुलं. हायवे लागला. जोगेश्वरीच्या पुढे त्यांनी जयवंतच्या खांद्यावर टिचकी मारली. "झिला, त्या ट्रकाच्या फुडे काढ बगू." त्याने काढली. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. शाळेच्या दारात लवू स्कूटरला टेकून उभाच होता. सगळ्या गाववाल्यांदेखत रुक्मिणीबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि लवूला म्हणाल्या, "तुझी स्कूटर बरी आसा रे. पण जरा बुटकी." जयवंतला त्या वर्षीचा प्रसाद फारच गोड लागला. शिऱ्यात साखर नेहमीचीच होती.

परतताना गोरेगाव ओलांडलं आणि दिवा थरथरला. जयवंतने गाडी पळती ठेवली, तरी उजेड पिवळा, मग तांबडा होत चालला. "आये, दिवो जातासा वाटता." रागावला की तो शुद्ध मराठी बोले आणि घाबरला की मालवणी.

मागून शांत आवाज आला. "घाबरू नको. त्येच्यात गंगा आसा."

जयवंतने दिव्याच्या खांबाखाली गाडी थांबवली. "काय आहे?"

"गंगा रे. त्या सामंतान सांगल्यान ना, एकदम शुद्ध होया म्हणून? मगे गंगेपरास शुद्ध काय आसा? आणि तुका पाणी आणूक आठवण ऱ्हवली नाय."

जयवंतने बाजूचं झाकण काढलं, बॅटरीचं एक बूच फिरवलं. बुचाला आतून काळं पडलेलं एक पान चिकटलं होतं. त्याने ते खांबाच्या उजेडात धरलं. तुळशीचं पान.

"आणि हे कित्याक?"

"गंगा कोणाक नुसती घालतत? वांगडा तुळशीचा पान नको? वाचली तर बरी, नाय वाचली तर गतीक तरी जातली."

देवघरात एक लाखेने तोंड बंद केलेली तांब्याची लोटी होती. जयवंतचे वडील गिरणीतल्या लोकांबरोबर काशीला गेले होते तेव्हा त्यांनी तशा दोन आणल्या होत्या. एक त्यांच्या वेळी उपयोगी पडली. दुसरी आईची. गिरणगावातली खोली सोडून बोरीवलीला आले तेव्हा सगळं सामान टेम्पोत आलं, पण ती लोटी आई मांडीवर घेऊन आली होती. शेवटच्या घोटासाठी.

"आये," जयवंत म्हणाला, "ती तुझी होती."

"व्हय तर. पण माका काय धाड भरली हा? चार भाकरी खातंय. मरूक टेकली होती ती तुझी गाडी. आणि मी फटफटीर बसान पूजेक येतंय म्हणून गावभर सांगान बसलेलंय." त्या परत सीटवर बसल्या आणि पदर खोचला. "आता चल. अशीच पळयत ने. पळाली की लागता ना तो?"

जयवंतने पळवत नेली. नाक्यावर मात्र थांबावंच लागलं, आणि थांबताक्षणी दिवा पूर्ण विझला. समोर महादू हवालदार. त्याने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, जयवंतकडे पाहिलं, हिरव्या नऊवारीतल्या म्हातारीकडे पाहिलं. मग त्याने निश्चयाने आकाशाकडे पाहिलं.

"हवालदार, दिवा..." जयवंत प्रामाणिकपणे म्हणाला.

"चालू आहे," महादू म्हणाला. "साहेबांची सही झालीय त्याच्यावर. मी पुन्हा गोधडीत शिरणार नाही. न्या."

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आली, आणि या वेळी जयवंतने डिस्टिल्ड वॉटरची बाटली विसरू नये म्हणून शुभा स्वतः त्याच्याबरोबर दुकानात गेली. बॅटरी भरून बाटलीत अर्धं पाणी उरलं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायला रुक्मिणीबाई तयार होईनात. गंगा प्यायलेली वस्तू भंगारात जात नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ती आता गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी आहे.

जयवंतने मनाशी ठरवलं की काशीला जाणारं कोणी भेटलं की आधी आईसाठी गंगेची नवी लोटी मागवायची. हे तिला सांगावं म्हणून तो संध्याकाळी देवघराशी गेला. जिथे तांब्याची लोटी असायची तिथे प्लास्टिकची बाटली होती. अर्धी भरलेली, बूच घट्ट लावलेली, बुचावर हळदकुंकू आणि वर तुळशीचं ताजं पान.

"आये, हे बॅटरीचं पाणी आहे."

"माका म्हायत आसा. एकदम शुद्ध, काय्येक भेसळ नाय. माका ह्याच चलात," रुक्मिणीबाई निरांजन लावता लावता म्हणाल्या. "आत्ताच ठेवलंय हयसर. ऐन वेळेक तुका आणूक धाडलंय, तर तू कोथिंबीर घेवन येतलस."